मानाची धमनी

हैदराबादच्या गौलीगुड्यात माणसाची पत एकेकाळी त्याच्या वाड्याच्या दरवाजावरून कळायची. वाडे पडले, तिथे चार-चार मजले उभे राहिले, सगळ्यांना एकाच मापाचे तयार दरवाजे बसले, आणि कोण मोठा नि कोण लहान हे ओळखायची सोय उरली नाही. ही अडचण शेवटी हृदयरोगतज्ज्ञांनी दूर केली. राम मंदिराच्या आसपास संध्याकाळी निवृत्तांची जी बैठक भरते, तिथे आता ज्याची त्याची जागा रक्तवाहिनीवरून ठरते.

मधोमध बायपासवाले. त्यांच्या दोन्ही बाजूंना स्टेंटवाले; त्यांतही दोनवाला आत, एकवाला बाहेर. त्यानंतर, अँजिओग्राफी झाली पण ‘गोळ्यांवर भागेल’ असं सांगून डॉक्टरांनी ज्यांचा हिरमोड केला, ते. अगदी कडेला नुसते बीपीवाले. ब्लॉकेजचे टक्के इथे सगळ्यांना पाठ आहेत. अण्णांना नव्वद पडले होते. शेजारच्या नानांना पंच्याऐंशी, त्यामुळे ते अण्णांपुढे जरा दबून असतात. आणि ब्लॉक ‘एलएडी’त असला तर बोलायलाच नको. हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरणाऱ्या त्या डाव्या धमनीची ही तीन अक्षरं अण्णा आपल्या बी.ए., एलएल.बी.च्या पुढे लिहीत नाहीत, एवढंच.

हैदराबादकरांना या बाबतीत थोडा जास्तीचा अधिकार आहे, हेही मान्य केलं पाहिजे. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या कलामसाहेबांनी इथल्याच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजूंना हाताशी घेऊन १९९०च्या दशकात स्वस्तातला स्टेंट करवला. ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणतात तो हाच. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक स्टेंटवाल्याला, त्याचा स्टेंट कुठल्याही कंपनीचा असो, आपल्या छातीत थोडंफार ‘अग्नी’ आहे असं वाटतं. पुढे फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. लाखाच्या घरातला औषधी लेप दिलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, साधा धातूचा तर ७,२६० रुपयांवर. देशभर लोकांना आनंद झाला. बैठकीवर मात्र दोन दिवस सुतकी कळा होती. ज्यांनी आधी लाख मोजले होते, ते तेव्हापासून ‘आमचा जुन्या भावातला’ असं आवर्जून सांगतात.

या सगळ्या मंडळींत मामा उभे असतात. मामा आरटीसीतले निवृत्त कंडक्टर. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या-जांभळ्या गाठी झाल्या आहेत, आणि उभं राहू नये असं त्यांना डॉक्टरांनी बजावलंय. पण शिरा फुगलेल्या माणसाला बैठकीत जागा नाही. “तुम्हाला काय झालंय, मामा?” “शिरा.” “हं,” असं म्हणून माणसं पुन्हा अण्णांच्या नव्वद टक्क्यांकडे वळतात. केशवाहिनीचा म्हणून कुठला रोगी अजून बैठकीत आलेला नाही. आला तर त्याला चहा तरी विचारतील की नाही, शंका आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ही मानपानाची उतरंड लावताना शरीराला कुणी विचारलेलं नाही.

धमनीला मान मिळाला त्याला कारणं आहेत. पहिलं म्हणजे ती जाणवते. हृदयाचा डावा कप्पा आवळला की महाधमनीत रक्ताचा लोट शिरतो. ही महाधमनी अडीच-तीन सेंटिमीटर रुंद, भिंत जेमतेम दोन मिलिमीटर, पण त्या दोन मिलिमीटरात तीन थर. आतून गुळगुळीत अस्तर, मधे स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा जाड पट्टा, बाहेरून चिवट वेष्टन. लोट आला की भिंत ताणते. हृदय विसावा घेतं, तेवढ्यात ताणलेली भिंत आक्रसते आणि उरलेलं रक्त पुढे रेटते. बीपीच्या आकड्यातलं वरचं १२० हा त्या लोटाचा जोर. खालचं ८० शून्यावर येत नाही, यात बराच वाटा त्या आक्रसण्याचा. वय वाढलं की भिंत ताठर होते आणि वरचा आकडा चढतो. माणसाचंही तसंच होतं, पण ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

हृदयापासून लांब जावं तशा धमन्या बारीक होत जातात आणि त्यांच्या भिंतीत लवचीकपणापेक्षा स्नायूचं प्रमाण वाढतं. कारण त्यांना नुसतं वाहून न्यायचं नसतं, कुणाला किती द्यायचं हे ठरवायचं असतं. जेवण झालं की आतड्यांकडचा हात सैल सोडायचा, पळायला लागलं की पायांकडचा. सगळ्यांना एकदम भरपूर द्यायला रक्त मुळात असतंच कुठे? मोठ्या माणसाच्या अंगात सारं मिळून पाचेक लिटर. हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटाला साधारण तेवढंच ढकलतं. म्हणजे मिनिटाभरात सगळा ऐवज एकदा फिरून येतो. बैठकीत अण्णांची अँजिओप्लास्टीची हकिकत पुरी होईपर्यंत ऐकणाऱ्याचं रक्त चाळीसेक फेऱ्या मारून आलेलं असतं.

आणि या ठोक्यावर किती विद्या उभ्या आहेत! मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं ठेवून वैद्य नाडी बघतात. शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी सापाच्या चालीची, पित्ताची बेडकाच्या, कफाची हंसाच्या. तेच मनगट चारमिनारच्या शेजारी निजामिया तिब्बी दवाखान्यात नेलं, की युनानी हकिमाला त्यात नब्ज सापडते. ती कधी हरणासारखी उड्या घेणारी ‘गजाली’, कधी मुंगीच्या पावलाची ‘नमली’, कधी उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी. जुन्या हैदराबादी घरांत एकाच रोग्याला सकाळी वैद्य आणि संध्याकाळी हकीम दाखवायची पद्धत होती. म्हणजे एकाच मनगटात दिवसभरात बेडूक, हंस, हरीण नि उंदीर येऊन जायचे. शिरेत आजवर कुणाला कसलाही प्राणी सापडलेला नाही. तिला ठोकाच नाही.

गंमत म्हणजे, नाडीला असं डोक्यावर घेतलेल्या याच शहरात ‘नाडी बघूच नका’ म्हणणारा एक वल्लीही होऊन गेला. गौलीगुड्याहून चालत जाता येईल अशा अंतरावर, अफजलगंजच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारे, रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी. क्लोरोफॉर्म देताना माणसं दगावत. ती हृदय थांबून दगावतात की श्वास थांबून, यावर विलायतेत डॉक्टर हमरीतुमरीवर आले होते. लॉरीसाहेबांचं ठाम मत, की आधी श्वास थांबतो. तेव्हा भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावं, नाडीच्या नादी लागू नये. निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ साली हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि लॉरी बरोबर ठरले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने नाक मुरडलं. तेव्हा निजामाने ‘तुमचा माणूस पाठवा, हे घ्या हजार पौंड’ असं कळवलं. १८८९ साली लॉडर ब्रंटन हा नामांकित डॉक्टर आला, दुसरं कमिशन बसलं, आणखी कुत्री, आणखी माकडं, धमनीतल्या दाबाचे आलेख, आणि लॉरी पुन्हा बरोबर ठरले. पाहुण्याला बोलावून, खर्च करून, आपलंच खरं करून परत पाठवणं ही हैदराबादी मेहमाननवाजी. पुढे १९११ साली लेव्ही नावाच्या डॉक्टरने दाखवलं, की हलक्या भुलेत क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून थेट मारू शकतो. नाडीला न्याय मिळाला. अफजलगंजचा तो दवाखाना तोवर १९०८च्या मुसीच्या पुरात गेला होता. त्याच्या जागी पुढे आजचा उस्मानिया दवाखाना उभा राहिला.

असा धमनीचा इतिहास. त्यात निजाम आहे, लंडन आहे, हजार पौंड आहेत. शिरेची आठवण लोकांना होते ती सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी, लॅबचा पोरगा दारात उभा राहिल्यावर.

हा पोरगा गौलीगुडा, पुतलीबौली, जामबाग सगळं मोटरसायकलवर पालथं घालतो. पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या आमच्या काकूंच्या कोपरावर त्याने रबरी पट्टा आवळला, टिचक्या मारल्या, कापूस फिरवला.

“अम्मा, पानी नै पिये क्या? नस दिखरीच नै.”

“उपाशी ये म्हणालास ना तूच?”

“पानी पी सकते ना अम्मा! मुठ्ठी बंद करो. हौ, ऐसाच. हल्लू से करतूं, टेन्शन नक्को लेओ.”

रक्त काढायला धमनी नाही, शीरच लागते, याचं कारण तिच्या बांध्यात आहे. थर तिलाही तीनच, पण मधला स्नायूचा पट्टा पातळ. त्यामुळे ती ढिली, ऐसपैस, कातडीच्या लगेच खाली, आणि आत दाब इतका कमी, की सुई काढून कापूस दाबला की काम भागतं. धमनी खोल असते. तिला टोचलं तर रक्त उसळी मारून येतं आणि बराच वेळ दाबून धरावं लागतं. शिरेतलं रक्त नुसतं वाहतं, आणि स्वभावाने गरीब असणाऱ्यालाच जग टोचतं.

पट्टा आवळल्यावर शीर का फुगते, या साध्या प्रश्नावर युरोपात एक क्रांती झाली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शिरावेधाचा अख्खा अध्याय आहे. बांधायचं कुठे, टोचायचं कुठे, कुणाचं रक्त काढायचं नाही, सगळं त्यात आहे. शिरा सातशे आणि त्या बेंबीपासून निघतात असाही हिशेब आहे. पण रक्त शिरेतून बाहेरच्या बाजूला जातं की आतल्या, हे दंडाला पट्टी बांधून जगाला पटवलं ते इंग्लंडच्या विल्यम हार्वेने, १६२८च्या पुस्तकात. पट्टीच्या खाली शीर फुगते, वर नाही. बोटाने रक्त हाताच्या पंजाकडे ढकलू पाहिलं तर ते मधल्या झडपेपाशी अडतं. खांद्याकडे ढकललं तर सुखाने जातं. म्हणजे शिरेचा रस्ता एकमार्गी, हृदयाकडे. या झडपा हार्वेच्या पदुआतल्या गुरूने, फॅब्रिशियसने, आधीच वर्णन करून ठेवल्या होत्या. त्यांचा उपयोग मात्र त्याला कळला नव्हता. लॅबच्या पोराला हार्वे ठाऊक नाही, पण रोज सकाळी घरोघर तो त्याचाच प्रयोग लावतो, वर सत्तर रुपये होम कलेक्शनचे घेतो.

काकूंच्या रक्ताची नळी भरली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “लालच आहे की रे.” हातावरच्या शिरा निळ्या दिसतात म्हणून रक्तही निळसर असणार, ही समजूत शाळेतल्या तक्त्यांनी पक्की केलेली. एका बाजूला तांबडा खडू, दुसऱ्या बाजूला निळा. प्रत्यक्षात शिरेतलं रक्त काळपट तांबडं असतं. निळा रंग हा कातडीतून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ. तक्त्याच्या खाली आणखी एक वाक्य असायचं: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. हे सोवळं-ओवळं शरीरात कुणी शिरवलं, देव जाणे. स्वस्थ बसलेल्या माणसाचं रक्त सगळीकडून फिरून हृदयात परत येतं, तेव्हाही त्यातलं प्राणवायूचं ओझं पाऊण शिल्लक असतं. पाऊण भरलेल्या डब्याला काकू तरी खरकटा म्हणतील का? शिवाय नियम फुप्फुसापाशी मोडतोच. हृदयातून फुप्फुसाकडे जाते ती धमनी, आणि तिच्यात काळपट रक्त. फुप्फुसातून परत येते ती शीर, आणि तिच्यात लालभडक. खरा नियम मालाचा नाही, दिशेचा आहे. हृदयापासून निघाली ती धमनी, हृदयाकडे आली ती शीर. पण शाळेत याला ‘अपवाद’ म्हणून दोन मार्कांपुरतं ठेवलेलं असतं.

आणि माल तरी कुणाकडे आहे? कुठल्याही क्षणी अंगातल्या एकूण रक्तापैकी साठ टक्क्यांहून जास्त शिरांमध्ये असतं. धमन्यांत जेमतेम पंधरा. सगळी साठवण शिरांची. प्रसंग पडला की त्या आवळतात आणि रक्त पुढे करतात. बैठकीला हे टक्के कुणी सांगितलेले नाहीत. टक्क्यांवरून मान द्यायचा म्हटलं तर अण्णांची पंचाईत होईल.

शिरेचं दुखणं कशाने होतं, हे मामांच्या पायांवर लिहिलेलं आहे. माणूस उभा राहिला की घोट्यापासून हृदयापर्यंतचा रक्ताचा खांब शिरेवर उभा राहतो. न हलता उभं राहिलं तर घोट्यापाशी शिरेतला दाब नव्वद मिलिमीटरपर्यंत जातो. मागून रेटा द्यायला हृदयाचा जोर तिथवर फारसा उरलेला नसतो. मग रक्त वर चढतं कसं? पोटरीच्या स्नायूंनी. पाऊल टाकलं की स्नायू शिरेला पिळतो, रक्त वर सरकतं, खालची झडप मिटते. चालत राहिलं तर तोच दाब तिशीच्या आत येतो. एका जागी उभं राहिलं की पिळणारं कुणी नाही. वर्षानुवर्षं असं झालं की शीर सैलावते, झडपांची पाळी पाळीला लागत नाही, रक्त उलटं उतरतं.

मामांची नोकरी गौलीगुड्याच्या जुन्या बसस्टँडवरून सुरू झाली. अमेरिकेहून आणलेल्या लोखंडी हँगरखालचा तो स्टँड. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी ज्या बससेवेची सुरुवात केली, ती वाढत वाढत त्या छपराखाली मावेनाशी झाली. १९९४ साली लांबच्या गाड्या इमलीबनला गेल्या, शहरातल्या उरल्या. मामा तिथून रोज भरल्या गाडीत उभे राहून निघायचे नि उभे राहून परतायचे. ५ जुलै २०१८ला तो हँगर कोसळला. वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले, म्हाताऱ्या लोकांनी हळहळून घेतलं. मामांच्या झडपा त्याच्या खूप आधी, एकेक करून, गुपचूप कोसळल्या होत्या. कंडक्टर, मास्तर, न्हावी, वाहतूक पोलीस, ओट्यापाशी उभ्या बायका: शिरांचे रोगी बघावेत तर सगळे दुसऱ्यांसाठी उभे राहिलेले. धमनीचे रोगी बघावेत तर बरेचसे बसलेले.

आता मधोमध बसणाऱ्या बायपासवाल्यांकडे येऊ. मला त्यांच्याबद्दल अनादर नाही, पण एक गोष्ट ते सांगत नाहीत. बायपास म्हणजे तुंबलेल्या धमनीला वळसा. हा वळसा बऱ्याचदा कशाचा करतात? पायाच्या शिरेचा. घोट्यापासून वर जाणारी सॅफेनस नावाची लांबच लांब शीर काढून हृदयावर शिवतात. क्लीव्हलंडला काम करणाऱ्या फावालोरो या अर्जेंटिनी सर्जनने १९६७ साली ही रीत रूढ केली. शिवताना तिचं खालचं टोक वर, वरचं खाली असं उलटं करतात. कारण काय, तर तिच्यातल्या झडपा! सुलटी लावली तर त्या इमानाने रक्त अडवतील. जन्मभर रक्त वर चढवून दमलेली ती साधी शीर एका दिवसात धमनीच्या दाबाखाली येते. भिंत जाड करून ती नव्या कामाशी जुळवून घ्यायला बघते. जमतं तितकं जमतं. अशा शिरांतल्या साधारण निम्म्या दहा वर्षांत तुंबतात, तर छातीतली धमनी वापरली असेल तर ती फार जास्त टिकते. पण तोवर हृदय चालवते ती शीरच. म्हणजे बैठकीच्या केंद्रस्थानी जो बसलाय तो पायाच्या शिरेच्या उपकारावर बसलाय, आणि समोर उभ्या असलेल्या मामांना ‘हं’ म्हणतोय.

धमनी नेते, शीर आणते, हे झालं. देवघेव कुठे होते? ती तिसरीकडे, आणि ती कुणाच्याच मोजदादीत नाही.

आमची गल्ली ज्यांनी पाहिली आहे त्यांना केशवाहिनी वेगळी समजावून सांगायला नको. कोठीच्या बाजूने रस्ता येतो तेव्हा बस येते, लॉरी येते, टँकर येतो. पुतलीबौलीपासून आत वळत वळत रस्ता बारीक होतो, लॉरी थांबते, मग ऑटो थांबतो, आणि आमच्या गल्लीत स्कूटर शिरते तीही आरसे दुमडून. तांबड्या पेशीची रुंदी सात-आठ मायक्रॉन, आणि केशवाहिनी कित्येक ठिकाणी पाचच. पेशीला अंग मुडपून, एकेक करत, भिंतीला घासत जावं लागतं. वेगही आमच्या गल्लीचाच: महाधमनीत सेकंदाला वीत-दीड वीत जाणारं रक्त इथे सेकंदाला एक मिलिमीटरही सरकत नाही. बाहेरचे लोक वैतागतात. पण गल्लीत भाजीवाली हळू चालते म्हणून तर तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली वेळेत खाली येते, तिच्यात कोथिंबीर पडते, पैसे सुटतात, आणि त्याच टोपलीतून आधी खाली आलेली रद्दी पलीकडचा उचलतो. लॉरी कोठीहून कितीही जोरात येवो, कोथिंबीर स्वयंपाकघरात पोचते ती या टोपलीने. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीची. स्नायू नाही, पट्टा नाही, वेष्टन नाही. जाडी नाही म्हणूनच प्राणवायू आणि साखर पलीकडे जाते, कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. अण्णांची ती तीन थरांची मानाची धमनी स्वतःच्या बाहेर रक्तातला एक कणही देत नाही. नुसती पोचवते.

हार्वेला सगळं चक्र उमगलं होतं, पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे त्याला दिसलं नाही. तिथे काहीतरी वाट असणार, असं म्हणून १६५७ साली तो गेला. १६६१ साली इटलीत माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक लावला आणि वाट सापडली. बेडूक पुन्हा आलाच बघा. रक्तवाहिन्यांची लांबी सांगणारा निरोप तुम्हालाही सकाळी सुप्रभातच्या फुलाबरोबर आलेला असेल: ‘तुमच्या शरीरात एक लाख किलोमीटर रक्तवाहिन्या!’ तो आकडा डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघचा. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी त्याला १९२०चं नोबेल मिळालं, माणूस मोठाच. फक्त त्या हिशेबात त्याने पन्नास किलो नुसता स्नायू असलेला गडी धरला होता. अलीकडच्या हिशेबात आकडा ९ ते १९ हजार किलोमीटरवर आला आहे. आमच्या बैठकीकडे पाहता मी नऊ हजाराच्याच बाजूचा.

अंगात अशीही जागा आहे, की जिथे एकही केशवाहिनी नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आपला प्राणवायू बराचसा थेट हवेतून घेतो. अफजलगंजच्या चौकात उभं राहूनही तो पारदर्शक राहतो, हे वैद्यकशास्त्रातलं एक मोठंच आश्चर्य म्हटलं पाहिजे.

केशवाहिनीची खरी कदर केली ती डासाने. मादी डास कातडीत सोंड खुपसते आणि आत ती वाकवून वाकवून बारीक वाहिनी हुडकते. ना पट्टा, ना टिचक्या, ना ‘मुठ्ठी बंद करो’. याच कलेमुळे आमच्या जुळ्या शहराचं नाव विज्ञानाच्या इतिहासात गेलं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. ज्या रोग्याचं रक्त ते डास प्याले त्या हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळाला होता. रक्त देऊन पैसे मिळण्याचा तो काळ. हल्ली उलटं आहे.

काकूंकडे परत आलं पाहिजे, कारण त्यांच्या रिपोर्टांनी गौलीगुड्यात हलकल्लोळ केला. पाय ठणकतात म्हणून त्यांनी अखेर पायांचं कलर डॉप्लर करून घेतलं. या तपासणीत शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने चाललंय ते रंगांत दिसतं, आणि उलटं उतरत असेल तर लपत नाही. संध्याकाळी शेजारणीने विचारलं, “काय निघालं, काकू?”

काकू म्हणाल्या, “काही नाही गं. व्हॉल्व गेलेत तीन.”

बातमी जिन्यावरून उतरून मंदिरापर्यंत पोचायला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही. बैठकीत अण्णांचा चेहरा उतरला. “तीन? अहो, एकूण असतात चार!” हृदयाला झडपा चारच, हे त्यांना पाठ. चारातले तीन गेले, आणि ही बाई दुपारपर्यंत पोळ्या लाटत होती? नव्वद टक्क्यांचं काय घेऊन बसलात! मंडळी तशीच उठली, वाटेत शहाळी घेतली, आणि दोन बायपास, चार स्टेंट, काही बीपी असा ताफा जिना चढून काकूंच्या घरात शिरला. मामा सगळ्यांत मागे.

काकू कॉटवर पडल्या होत्या, पायांखाली तीन उशा. पाय हृदयापेक्षा वर ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“ऑपरेशन म्हणतायत का?” अण्णांनी हलक्या आवाजात विचारलं.

“हौ. लेसरने. संध्याकाळी घरी.”

“व्हॉल्वचं? संध्याकाळी घरी?” अण्णा स्वतः हॉस्पिटलात तीन रात्री होते. ते स्टुलावर टेकले.

“हार्टमधले ना, काकू?” नानांनी खात्री करून घेतली.

“त्याच लायनीतले,” काकू म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. शीर जाते हृदयाकडेच.

मामांना सगळं कळलं होतं. आपल्या पोटऱ्यांकडे बघत ते दारात गप्प उभे राहिले. बोलले असते तर शहाळी परत गेली असती.

“बसा हो मामा आधी, ती खुर्ची घ्या,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही बाकीचे आलाच आहात, तर ऐका. कणीक भिजवलेली आहे, भाजी झालीय, रात्रीचे डबे जायचेत आठ वाजता. मला काही ओट्यापाशी उभं राहता येणार नाही.”

चारातले तीन व्हॉल्व गेलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? नाना डबे पुसायला लागले. एक बायपासवाले तव्यापाशी गेले. पोळपाट अण्णांच्या वाट्याला आला, आणि एलएडीत स्टेंट असलेला तो गृहस्थ लुंगी आवरून ओट्यापाशी ताठ उभा राहून लाटायला लागला. पहिल्या दोन पोळ्यांना आकार काही धरवेना.

कॉटवरून काकूंचा आवाज आला, “अण्णा, एका जागी असे थिजून उभे राहू नका. टाचा वर-खाली करत राहा. नाहीतर तुमचेही व्हॉल्व जातील.”